विहीर तुझ्या अंदाजापेक्षा स्वच्छ होती

खान्देशातल्या तमाम विहिरी, आड, बारवा, झिरे, रांजण आणि माठ यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, गेली पंचवीसेक वर्षं तुमच्या तोंडात डोकावून तुमची तब्येत तपासणारा इसम, नाव उखर्डू, धंदा रसायनं आणि जंतू, मुक्काम धुळे, हा एका सकाळी चहाचा कप अर्धा तसाच ठेवून कायमचा निघून गेला आहे. तरी पटकीच्या जंतूंनी पेढे वाटू नयेत. त्याने आपल्या हाताखाली पुष्कळ माणसं तयार करून ठेवली आहेत.

उखर्डू, झाली दवंडी. तू असतास तर इथेच मला अडवलं असतंस. "पंचवीसेक म्हणजे किती, दाम्या? आणि जंतू पेढे वाटत नाहीत. उगाच कुणाला तरी खरं वाटेल." अमळनेरच्या कापूस बाजारात माझ्या आवाजाने भाव चढतो असं लोक म्हणतात. पण तुझ्या त्या बारीक, कायम सर्दी झाल्यासारख्या आवाजापुढे माझं प्रत्येक वाक्य निम्म्यावर मोडायचं. तुझी बातमी आली तेव्हा सर्व्हिस मोटारीत बसून धुळ्याला आलो. तू जमिनीवर निजवलेला होतास. मी शेजारी बसलो आणि बोलत सुटलो. काय काय बोललो, किती फुगवून बोललो! तू एकदाही दुरुस्ती केली नाहीस. तेव्हा मला कळलं की तू खरंच गेलास.

मृत्यूनंतर माणसाच्या पदव्या लिहितात. तुझ्या पदव्या मी लिहिणार नाही, कारण त्या मला कधी नीट म्हणता आल्या नाहीत. तुझं नाव मात्र लिहिणार. तुझ्या आईची आधीची मुलं जगली नाहीत. म्हणून तू जन्मलास तेव्हा तुला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि मग 'कुणाचं तरी सापडलं' म्हणून घरात आणलं. मरणाला वाटावं की हा केर आहे, याला कशाला उचला. नाव ठेवलं उखर्डू. मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेत तुझ्या गोऱ्या साहेबाने या नावाचा अर्थ विचारला, तेव्हा तू अगदी सरळ चेहऱ्याने म्हणालास, "हा आमच्याकडचा प्रतिबंधक उपाय आहे." साहेबाने विचारलं, "गुण येतो का?" तू म्हणालास, "प्रयोग एकाच माणसावर झाला आहे. निष्कर्ष काढता येत नाही."

हा विनोद तू केलास असं मी सगळीकडे सांगत असे. तू म्हणायचास, "मी विनोद केला नव्हता."

आणि तरी आईबाप गेलेच, दोघंही एकाच उन्हाळ्यात, पटकीने. तू तेव्हा पाटीवर धुळाक्षरं गिरवत होतास. तुझी थोरली बहीण, भागीरथी अक्का, लहान वयात विधवा होऊन माहेरी परत आली होती. तिने तुला वाढवलं. दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचून तुला अमळनेरला शाळेत घातलं. तू मुंबईला जाऊन जंतूंचं शास्त्र शिकलास आणि मोठी नोकरी सोडून धुळ्याला परत आलास, ते कुणासाठी हे तू कधी बोलला नाहीस. मला बोलायची सवय, तुला नाही. पण ज्या रोगाने तुझं घर रिकामं केलं, त्याला अक्काच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही, एवढीच तुझी जिद्द होती. तेवढी मला न सांगता समजत होती.

परत आल्यावर तुला एक घसा हवा होता. गावोगाव पारावर पांढरं धोतर ताणायचं, कंदिलाच्या पेटीतून त्यावर चित्रं पाडायची आणि पाणी कसं सांभाळावं हे लोकांना सांगायचं. तुझा आवाज पहिल्या रांगेतल्या कुत्र्यालाही ऐकू जात नसे. मग तू मला धरलंस. आपल्या गावच्या गणपतीच्या नाटकात मी राक्षसाचं काम करायचो, हीच माझी पात्रता.

पहिला खेळ आठवतो? दिवेलागण झाली होती, गाव जमलं होतं. धोतरावर पटकीचा जंतू उमटला आणि मी गरजलो, "पाहा हा राक्षस! तुमच्या लोट्यात लपून बसलेला!"

मागून तू म्हणालास, "राक्षस नाही. फार लहान जीव आहे. आणि प्रत्येक लोट्यात असेलच असं नाही."

"पिलात तर मेलात!" मी ओरडलो.

"सगळे मरत नाहीत," तू म्हणालास. "बरेच वाचतात."

गाव खो खो हसत होतं. त्यांना वाटलं, आपण ठरवून भांडतो आहोत. शेवटी पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "आखो एकदाव दखाडा ना तो किडा!" आणि जंतूला वन्स मोअर मिळाला. तेवढ्यात पाणी गाळून पिणारा महानुभाव पंथाचा एक म्हातारा उठला. त्याने विचारलं, "डाक्तर, पानीमा इतला जीव मारतस, त्यानं पाप कोनले?" तू म्हणालास, "माहीत नाही, बाबा. याचा मी विचार केला नव्हता." म्हातारा मान हलवत निघून गेला.

परतताना बैलगाडीत मी तुझ्यावर चिडलो. "अरे, एखादा श्लोक फेकायचा तिथे!"

"मला येत नाही."

"मला तरी कुठे येतो? फेकायचा!"

आपलं खरं भांडण त्या बैलगाडीत सुरू झालं. मी म्हणत होतो, लोक तुझ्या बाटलीवर विश्वास ठेवत नाहीत, तेव्हा त्यांना गोष्ट सांगून गोड बोलून आधी जिंकून घे, खरंखोटं मागाहून बघू. तू म्हणत होतास, ज्या दिवशी त्यांना एक खोटं सापडेल त्या दिवशी आपली सगळी खरी वाक्यंही बुडतील. "आणि तुझं ते 'बहुतेक', 'पुष्कळदा', 'खात्री नाही'?" मी विचारायचो. "दवंडीत 'बहुतेक' कधी ऐकलंस का? 'बहुतेक उद्या बाजार भरेल'?" तू म्हणायचास, "बहुतेक असलं तर बहुतेकच म्हणायचं."

मग ती आखाजी आली.

दिवाळीला आपल्याकडे कोण विचारतं? खान्देशाचा सण आखाजी, पंचांगातली अक्षय्य तृतीया. सासरी राबराब राबणाऱ्या पोरी वर्षातून तेवढ्या एकदा माहेरी येतात, निंबाच्या झाडांना झोके बांधतात आणि गाण्यांतून सासूला यथेच्छ शिव्या देतात. त्या दिवशी पितरही घरी येतात. कुंभाराकडून कोरी घागर आणायची, पहाटे विहिरीचं ताजं पाणी भरायचं, वर खरबूज, आपलं डांगर, ठेवायचं, सांजोऱ्या ठेवायच्या आणि उंबऱ्याशी बसून गेलेल्यांची नावं घ्यायची. मुंबईत असताना तू कित्येक आखाज्या चुकवल्या होत्यास. त्या साली अक्काने निरोप पाठवला की आईबापाची घागर या खेपेला तुझ्या हातची हवी. तू आलास. मीही आलो, माझी घागर होतीच.

आदल्या दिवशी ऊन कलताना बातमी आली की नदीच्या वरच्या अंगाच्या गावात पटकी लागली. आपल्या गावात घरोघर माहेरवाशिणी, पोरंबाळं. तू लाल औषधाची बरणी घेऊन उठलास. पाटील आडवा आला. "सरकार सारा घेतं ते आम्हाला समजतं. औषध फुकट देतं ते समजत नाही. आधी गावकुसाबाहेरच्या विहिरीत टाकून बघ, काय होतं ते." तू म्हणालास, "दोन्हीकडे एकदमच टाकीन. कुणावर करून बघायचं असेल तर माझ्यावर बघा." तिथेच लोट्यात औषध कालवून तू ते गुलाबी पाणी घटाघट प्यालास. पाटील बाजूला झाला.

मी तुला कोपऱ्यात घेतलं. "उद्या पहाटे घागरी भरायच्या आहेत. रंगाचं काय?"

तू समजावून सांगितलंस. पाण्यात घाण असली की औषध तिच्याशी झुंजून संपतं आणि रंग जातो. रंग टिकला तर पाणी स्वच्छ. "या विहिरीत पालापाचोळा, शेवाळ, अख्ख्या गावाचे पोहरे. इतक्या घाणीत रंग रातोरात मरेल. उलट थोडं जास्तच टाकतो. सकाळी पाणी पांढरं असणार."

उखर्डू, सगळ्या आयुष्यात तुझ्या तोंडून 'बहुतेक' न निघालेलं ते एकच वाक्य.

त्या चैत्रात गावाने विहिरीत उतरून सगळा गाळ उपसला होता. बायकांनी टोपल्या वाहिल्या होत्या, अक्काची शेजारीण सोनाबाई सगळ्यांत पुढे होती. हे तुला कुणी सांगितलं नाही, कारण तू कुणाला विचारलं नाहीस. गावाचा तुझ्या बाटलीवर भरवसा नव्हता हे तू मला शंभरदा सांगितलंस. तुझा गावाच्या विहिरीवर नव्हता हे मी तुला एकदाच सांगितलं आणि त्यानंतर तू कितीतरी दिवस मला भेटला नाहीस.

पहाटे पहिला पोहरा वर आला. त्यात डाळिंबाचा रस असावा तसं पाणी होतं. सोनाबाईने कोरी घागर खाली ठेवली, कमरेवर हात दिले आणि विचारलं, "हाई काय करं रे उखर्डू? पितरस्ले रगत पाजस का?"

बायका गोळा झाल्या. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षाचा सण होता आणि दारात येणाऱ्या पितरांना द्यायला घरात पाणी नव्हतं. त्या क्षणी माझ्या डोक्यात, देवाशपथ सांगतो, सूर्य उगवला. मी तुझ्या कानाशी लागलो. "अरे, हे कुंकू आहे! मला बोलू दे. देवीने कौल दिला, पितर प्रसन्न झाले, विहीर कुंकवाची झाली! आत्ता या बाया नाचत पाणी नेतील." मी हात वर केले होते, छाती भरून घेतली होती. राक्षसाचं काम करताना जी घ्यायचो तीच. तू माझं मनगट असं धरलंस की वळ उठला. "एक शब्दही नको," तू म्हणालास.

आणि मग तू, ज्याचा आवाज पहिल्या रांगेत पोचत नसे तो तू, विहिरीच्या काठावर चढून ओरडलास, "पाणी चांगलं आहे. रंग राहिला ही माझी चूक आहे. मी औषध जास्त टाकलं. विहीर मला वाटली त्यापेक्षा स्वच्छ आहे. आखाजीच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

इतकं वाईट भाषण मी जन्मात ऐकलं नव्हतं. ज्याला स्वतःलाच आपली चूक मान्य आहे, त्याने औषध घातलेलं पाणी कोण पिणार? बायकांनी घागरी उचलल्या आणि नदीकडे वळल्या. तिथे वाळूत खणलेले झिरे होते. वरच्या गावाची धुणी त्याच नदीवर होत होती. तू मागे धावलास. "झिऱ्याचं भरताय तर निदान उकळून घ्या!" सोनाबाई मागे न बघता म्हणाली, "पितरस्ले काय चहा पाजाना शे?"

अक्काही त्यांच्यात होती. तू तिला वाटेत गाठलंस. "अक्का, तू तरी." ती थांबली. तिचं बोलणं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. "मी पिसू तुनं लाल पानी, भाऊ. आते पिसू. पन हाई माय-बापनी घागर शे. त्यास्ले इचारता येस का, चाली का म्हनीसन?"

तू वाटेतून बाजूला झालास.

तू उंबऱ्याशी बसून झिऱ्याच्या त्याच पाण्याने आईबापाची नावं घेतलीस, ज्या रोगाने ते गेले तो कदाचित त्याच घागरीत असताना. अक्काकडून वचन घेतलंस की हे पाणी पितरांपुरतं, घरात कुणी प्यायचं नाही. तिने मान डोलावली. पण पितरांपुढे ठेवलेलं पाणी ओतून टाकायचं हे तिच्याने झालं नाही. तिने घोटभर घेतलं. ते तिने तुला आपणहून सांगितलं, अंथरूण धरल्यावर.

झोके अजून झाडांवरून उतरले नव्हते, तोवर घराघरातून रडणं ऐकू यायला लागलं. माहेरी आलेल्या पोरी माहेरीच गेल्या. तू घरोघर फिरत होतास. अक्काच्या डोक्याशी खुंटीला मिठाच्या पाण्याची बाटली टांगलीस आणि तिच्या सुकलेल्या हातात शीर शोधत राहिलास. शीर सापडली. संध्याकाळी तिला जरा हुशारी वाटली. तू हसलास. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत ती गेली.

आपलं भांडण मात्र त्यानंतर उभं आयुष्य चाललं. अमळनेरला माझ्याकडे भरीत-भाकरी खायला बसलास की मी काढायचोच. "एक खोटं. कुंकू. एवढं बोललो असतो तर अक्का जगली असती."

तू शेंगा सोलत म्हणायचास, "आणि पुढच्या आखाजीला बायकांनी पांढरं पाणी नाकारलं असतं. मग दरवर्षी देवीचं कुंकू कालवत बसलो असतो का?"

"बसलो असतो! जित्या अक्कासाठी बसलो असतो!"

यावर तू सोललेल्या शेंगांचे दाणे माझ्या ताटात टाकायचास. एकदा मी म्हटलं, "गावोगाव अक्काची गोष्ट सांगू या. लोक रडतील आणि ऐकतील." तू हात धुवायला उठलास आणि पाठमोराच म्हणालास, "अक्का माझी जाहिरात नाही." त्यानंतर तुझ्या हयातीत मी ती गोष्ट पारावर सांगितली नाही. हल्ली मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि भांडायला समोर कुणी नाही. हे फार वाईट आहे, उखर्डू. जिंकलेलं भांडण पचतं, हरलेलंही पचतं. अर्धवट राहिलेलं छातीत बसतं.

पण तू बदललास. मी लगेच पाहिलं. कोणत्याही गावात गेलास की आधी पाटलाकडे जायचास, ते सोडलंस आणि विहिरीवर जाऊन बायकांमध्ये बसू लागलास. "तुम्ही पाणी कधी भरता? सण कधी? गाळ कधी काढला?" तुला 'बायकांचा डाक्तर' म्हणून चिडवायचे. तू चिडत नव्हतास. पुढच्या आखाजीला तू आपल्या गावी आलास तेव्हा मला वाटलं, आता दगड पडणार. तू विहिरीपासून दूर झाडाखाली बसून राहिलास. बायकांनी घागरी भरल्या, रांजण भरले, गुरांचं पाणीही काढून झालं. मग सोनाबाई तुझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "टाक आते. कमी टाकजो. विहीर आमनी साफ शे." तू बरणी तिच्याच हातात दिलीस. त्यानंतर कित्येक वर्षं त्या विहिरीत औषध सोनाबाईच टाकायची, आणि किती टाकायचं यावरून तुझ्याशी भांडायची.

आणि धुळ्याच्या बाजारातली माझी फजिती! लस घेतानाही माणूस कसा हसतमुख राहतो हे मी चारचौघांसमोर करून दाखवायचं ठरलं होतं. मी बाही वर केली, एक पद म्हणायला घेतलं, तुझी सुई पाहिली आणि पोत्यासारखा आडवा झालो. शुद्धीवर आलो तर लोक हसून हसून लोळत होते, आणि तुझ्यापुढे रांग लागली होती. मी म्हटलं, "माझी अब्रू गेली." तू म्हणालास, "दाम्या, तू आजवर केलेलं हे पहिलं खरं काम." इतक्या प्रेमाने मला कुणी कधी हिणवलं नाही.

आता उरलेलं सांगतो.

जळगाव स्टेशनवर आपण गाडीची वाट बघत होतो. तू एकाएकी विचारलंस, "शेवटी अक्का माझ्याबद्दल काही बोलली होती का रे?" त्याआधी कधी विचारलं नव्हतंस, मी विषय काढला तर उठून जायचास. मी तुला सांगितलं, जसं घडलं तसं. तू आधी हसलास. मग चष्मा पुसलास. मग म्हणालास, "छान आहे. पण हे तुझं आहे."

"आईशपथ नाही!"

"इतकं घोटीव अक्का बोलत नसे. हे नाटकातलं वाक्य आहे, दाम्या."

"सोनाबाई दारातच होती. तिला विचार."

"विचारीन कधीतरी," तू म्हणालास, आणि गाडी आली.

मी काय बोलणार होतो? ज्या तोंडातून कुंकवाची विहीर निघणार होती, त्या तोंडावर कोण विश्वास ठेवेल? जन्मभर प्रत्येक गोष्टीत मीठमसाला घातला, आणि ज्या एका गोष्टीत चिमूटभरही नव्हता ती तुला खारट लागली. आपल्या बैलगाडीतल्या भांडणात तू जे म्हणत होतास ते असं माझ्यावरच येऊन उलटलं. तेवढ्यापुरता तू जिंकलास. घे.

पण सोनाबाईला तू कधी विचारलं नाहीस. तिच्याशी औषधावरून तासन्‌तास भांडलास, तेवढं एक विचारलं नाहीस. एकाच आडाचं पाणी दोनदा तपासणारा माणूस तू. ही तपासणी का टाळलीस, यावर मी खूप विचार केला. मला वाटतं, तुला मी खोटा निघायला नको होतो. तपासलं नाही तोवर, बहुतेक खरं असेल, असं म्हणता येतं. सोनाबाई गेल्या हिवाळ्यात गेली. आता साक्षीदार मी एकटा, आणि माझी पत तुला ठाऊक आहे.

तरी पुन्हा सांगतो. दुपार होती. अक्काच्या हातात सुई होती, आणि तू आळीच्या टोकाच्या आजाऱ्याकडे गेला होतास. सोनाबाई आणि आणखी दोघीजणी दारात आल्या. अंगारे देणाऱ्या भगताला आणायचं त्यांचं चाललं होतं. सोनाबाई म्हणाली, "भागी, आयक मनं. याच हातनी विहीर लाल करी. आते सुई बी याच हातनी टोची लेस का? भगतले बलावू दे." अक्काचा आवाज सकाळपासून बसला होता, कुजबुज तेवढी यायची. ती हातावर रेलून अर्धी उठली आणि इतक्या मोठ्याने बोलली की गोठ्यातल्या बैलांनी माना वळवल्या. बैलांचं मी आत्ता घातलं, ते काढून टाक. बाकी सगळं तिचं आहे.

"मना भाऊ चुकना तं चारचौघात बोंबलीसन सांगस! तुमना भगत आजवर एकदाव तरी चुकना का वं?"